जेलमधला गणपती घडवणारा पुढे काय करतो?

गणेशोत्सव जवळ आला की नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या विक्री केंद्रात शाडूच्या मूर्ती येतात. आतल्या बंद्यांनीच घडवलेल्या. लोक हौसेने घेतात, आणि मूर्ती गाडीत ठेवता ठेवता कुणीतरी म्हणतंच, "हाताला काम मिळालं की माणूस सुधारतो बघा." ऐकायला पटतं. पण तपासायचं कसं?

समजा, जेलच्या कारखान्यात काम केलेले शंभर आणि न केलेले शंभर जण सुटले, आणि पहिल्यांपैकी कमी जण पुन्हा पकडले गेले. श्रेय शाडूला द्यायचं? जरा थांबा. मुळात कारखान्यात जातो कोण? बहुधा ज्याचं वागणं आधीच बरं आहे, ज्याचा जीव घराकडे लागलाय, तोच. म्हणून संशोधक वय, गुन्हा, आधीच्या शिक्षा जुळवून सारख्याला सारखा शोधतात, जमलं तर चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. एवढं न करता मिरवलेला कुठलाही 'यशस्वी उपक्रम' मी हातचं राखूनच वाचतो.

गुन्हेगार सुधारण्याच्या या शास्त्राने ठेचही खाल्लीय. १९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २३१ अभ्यासांच्या आधारे लिहिलं की सुधारणेच्या कार्यक्रमांचा फारसा परिणाम दिसत नाही. त्याची लगेच 'कशाचाच उपयोग नाही' अशी घोषणा झाली. १९७९ मध्ये त्याने स्वतःच ते मत बरंचसं मागे घेतलं, पण ते ऐकायला कोणाला सवड नव्हती.

पुढे कॅनडातल्या अँड्र्यूज, बोंटा वगैरे मानसशास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला: कोणाला, कशाचा उपयोग? त्यांचं उत्तर असं, की पुन्हा गुन्हा करण्याचा धोका ज्याला जास्त, त्याच्यावर मेहनत जास्त. उलटं केलं तर नुकसान होतं. पहिल्यांदाच चुकलेला, घरदार-नोकरी शाबूत असलेला पोरगा सराईतांच्या गटात महिनोन्‌महिने बसवला, तर त्याची नोकरी जाते, घरचे दुरावतात आणि नवे 'गुरू' मात्र मिळतात. "एकदा जेल दाखवा, सरळ होईल" हा घरगुती उपायही अमेरिकेत मोजून पाहिला गेला: जेल दाखवून घाबरवलेल्या मुलांनी न घाबरवलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. आपल्याकडे पहिल्यांदाच चुकलेल्यांना आत न पाठवता परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडायची सोय १९५८ च्या कायद्यापासून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, माल परत केला तर, समाजसेवेच्या शिक्षेवर निभावते.

मग धोका जास्त असलेल्यांचं काय करायचं? त्यांच्या विचारांच्या सवयींवर काम करायचं. समजा, नळाच्या रांगेत एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. 'मुद्दाम केलं' हा विचार हात उगारण्याआधी क्षणभर येऊन जातो, इतका झटकन की तो विचार होता हेच कळत नाही. अशा सवयी बदलण्याच्या प्रशिक्षणवर्गात हाच प्रसंग पुन्हा पुन्हा करून बघतात. कोणीतरी रांगेत उभा राहतो, कोणीतरी पाय देतो, आणि बाकीचे विचारतात, "आता डोक्यात काय आलं?" पहिल्या वेळी उत्तर बहुतेक शिवीच असते. विसाव्या वेळी कधीतरी, "गर्दी होती" असं येतं. अशा प्रशिक्षणाने पुनर्गुन्हे कमी होतात, हे अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय.

शिक्षणाचंही तसंच. अमेरिकेतल्या रँड संस्थेने २०१३ मध्ये काटेकोर अभ्यास वेगळे काढून मोजलं, तर आत शिकलेल्यांपैकी शंभरामागे साधारण १३ जण कमी परत आले. नाशिककरांना यासाठी लांब बघायला नको. १९८९ साली स्थापन झालेलं मुक्त विद्यापीठ गावातच आहे आणि त्याचे विद्यार्थी कारागृहांतही आहेत. अडचण वेगळीच आहे. देशात चारांतले सुमारे तीन बंदी न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत. उद्या जामीन होईल की दोन वर्षांनी, हेच माहीत नसलेल्या माणसाचा अभ्यासक्रम कसा आखणार?

आणि सुटल्यावर? पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो. नाशिकरोडच्या फाटकातून निघालेला माणूस अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेला, की ठेकेदार हाताची कारागिरी नंतर बघतो. आधी विचारतो, "मधली चार वर्षं कुठे होतास?"