रियुनियनच्या खिंडी : फरारी गुलामांच्या वाटा ते सायकलचा घाट

माफातमध्ये आजही मोटार जात नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या मधोमध, उंच कातळकड्यांनी वेढलेल्या या खोलगट मुलखात काहीशे माणसं राहतात. तिथे शाळा आहेत, छोटी दुकानं आहेत, डोंगर चालायला येणाऱ्यांसाठी मुक्कामाची घरं आहेत. रस्ता तेवढा नाही. जड सामान हेलिकॉप्टरने उतरतं आणि माणसं पायी येतात. बहुतेक जण दोन खिंडींतून येतात. शेजारच्या सालाझी दरीच्या बाजूने कोल दे ब्यो, उंची सुमारे १,९५० मीटर. दुसऱ्या शेजारच्या, सिलाओस दरीच्या बाजूने ताइबी, सुमारे २,०८० मीटर. डोंगराच्या पलीकडे, सिलाओस गावात मात्र डांबरी घाट थेट चौकापर्यंत पोचतो आणि चारशे वळणांचा हा घाट सायकलवाल्यांच्या यादीत नेहमी वरच असतो. एकाच बेटावर, एकमेकांना पाठ लावून असलेल्या दोन दऱ्यांची नशिबं इतकी वेगळी कशी झाली, हे कळायला या खिंडी आधी कोणी आणि कशासाठी ओलांडल्या ते पाहावं लागतं.

सुरुवात दगडापासून करावी, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. रियुनियन हे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं, समुद्रतळातून वर आलेलं ज्वालामुखीचं बेट. पितों दे नेज हा ३,०७० मीटर उंचीचा थोरला डोंगर सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी शांत झाला; आग्नेयेचा पितों द ला फुर्नेझ मात्र जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. या बेटाखाली पृथ्वीच्या पोटात जो तप्त स्रोत आहे, त्याच्याच डोक्यावरून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड सरकत होता आणि दख्खनचे लाव्हाचे थर तेव्हा पसरले, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे भूखंड उत्तरेला सरकत गेला आणि मागे मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन अशी माळ उमटत राहिली. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथला काळा कातळ परका वाटत नाही तो म्हणूनच. फरक वयाचा आहे. सह्याद्री झिजून बसलेला आहे. रियुनियन जेमतेम तीसेक लाख वर्षांचं, त्याचे कडे अजून ढासळताहेत. पितों दे नेजच्या भोवती खचून आणि पावसाने कोरून तीन प्रचंड कढया तयार झाल्या: सिलाओस, माफात आणि सालाझी. फ्रेंचमध्ये त्यांना सर्क म्हणतात. या तिघांमधल्या धारेवर जिथे जरा खाली उतरायला वाव मिळाला, तिथे खिंड झाली.

दगडाचं नातं इथपर्यंतच. आपल्या नाणेघाटातून बैलांचे तांडे जात, तिथे जकात घेतली जाई, सातवाहनांनी तिथे लेख कोरले. रियुनियनच्या खिंडींतून व्यापाराचा माल गेलाच नाही. त्यांतून आधी गेली ती पळून चाललेली माणसं.

या बेटाला मूळचे रहिवासी नव्हते. १६६३ मध्ये दोन फ्रेंच माणसं दहा मालागासी स्त्री-पुरुषांना घेऊन इथे राहायला आली आणि थोड्याच काळात ते मालागासी डोंगरात निघून गेले. म्हणजे बेटावर वस्ती आणि डोंगरातलं पलायन यांची सुरुवात जवळजवळ एकदमच झाली. पुढे बेटाचं नाव बुर्बों असताना फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकात कॉफीची लागवड वाढवली आणि मादागास्कर, पूर्व आफ्रिका, काही प्रमाणात भारतातूनही गुलाम आणले. मळे किनाऱ्यालगत होते. मळ्यातून निसटलेल्याला समुद्राकडे जाऊन उपयोग नव्हता. वर जायचं, इतकाच मार्ग. नदीच्या पात्रातून आत शिरायचं, कडा गाठायचा आणि धार ओलांडून पलीकडच्या कढईत उतरायचं. या फरारी गुलामांना मारों म्हणत. माणूस जिथे चढूच शकणार नाही असं पाठलाग करणाऱ्याला वाटेल, तीच जागा राहायला चांगली, असा त्यांचा हिशेब होता. सिलाओसच्या सर्कमधल्या इले आ कोर्द या पठारावर मारों दोरांच्या आधाराने चढत, अशी आठवण तिथे सांगितली जाते.

पकडलं गेल्यावर काय होई ते १७२३ च्या राजाज्ञेत लिहिलेलं आहे. पहिल्या पलायनाला कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्याला गुडघ्यामागची शीर तोडायची, तिसऱ्याला मृत्युदंड. दुसरी शिक्षा जरा थांबून वाचावी. पायाची शीर तोडणं म्हणजे डोंगर चढायची ताकदच काढून घेणं. हुकूम लिहिणाऱ्यांना खिंडींचं महत्त्व पुरतं माहीत होतं. मारोंना हुडकायला गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तुकड्या नेमल्या गेल्या आणि मारलेल्या माणसाचा हात कापून आणून दाखवला की बक्षीस मिळे. यातलं सर्वांत कुप्रसिद्ध नाव फ्रान्स्वा मुसार्डचं. माफात या मारों म्होरक्याला १७५१ मध्ये त्यानेच मारलं. या शिकारी तुकड्यांनी खिंडी शोधल्या असं जुन्या वर्णनांतून वाटतं, पण ते पळणाऱ्यांच्या मागावर होते. वाट आधीच पडलेली होती. आज नकाशावर माफात, सिमांदेफ, आंशें, दिमितिल ही नावं दऱ्यांची आणि शिखरांची म्हणून छापलेली आहेत. ती मारोंच्या म्होरक्यांची आहेत. ज्या राजवटीने त्यांना संपवलं तिच्या नकाशातून त्यांची नावं काही निघाली नाहीत, याचं मला मोठं समाधान वाटतं.

२० डिसेंबर १८४८ रोजी गुलामगिरी संपली आणि सुमारे ६२ हजार माणसं मोकळी झाली. उसाच्या मळ्यांसाठी मग मुख्यतः दक्षिण भारतातून करारावर मजूर आणले गेले. कोकणातून मजूर गेले ते शेजारच्या मॉरिशसला, तिथला मराठी समाज त्यांचाच. डोंगरात याच सुमाराला दुसरी माणसं चढली. वारसांत वाटण्या होऊन जमीन हातची गेलेले गरीब गोरे वरच्या कढयांमध्ये येऊन मका, कडधान्यं आणि भाजीपाला पिकवू लागले. पूर्वी ज्यांच्या पूर्वजांनी मारोंची शिकार केली आणि ज्यांचे पूर्वज मारों होते, अशी घरं शेजारी शेजारी राहू लागली आणि त्यांच्यात सोयरिकीही झाल्या. माफातमधल्या आजच्या घरांना हे दोन्ही वारसे आहेत.

सिलाओसचं नशीब पालटलं ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरच्या श्रीमंतांना हवापालट आणि औषधी स्नानाचं वेड लागलं. पण सिलाओसला जायची वाट म्हणजे ओढ्यांतून, कड्याच्या पोटातून जाणारी पाऊलवाट. मग खुर्चीला दोन दांडे बांधून त्यात बाई नाहीतर साहेब बसवायचा आणि भोयांनी तो खांद्यावर घेऊन चढायचं. सिलाओस सुमारे बाराशे मीटरवर आहे. खालच्या उन्हातून निघून वरच्या गारठ्यात पोचेपर्यंत खांदे बदलत ही माणसं चालत. बसलेल्यांनी प्रवासवर्णनं लिहिली. वाहणाऱ्यांचं लिहिलेलं काही नाही. तरी त्या वाटेवर कुठला टप्पा जड आहे हे नक्की कोणाला ठाऊक असणार, ते उघड आहे.

पैसेवाल्यांची ही ये-जा होती म्हणून सिलाओसला रस्ता मिळाला. १९३२ मध्ये सें-लुईहून वर जाणारा घाट मोटारींना खुला झाला. साधारण ३७ किलोमीटरच्या या रस्त्याला एकेरी बोगदे आहेत, आणि एके ठिकाणी तर रस्ता गिरकी घेऊन स्वतःच्याच वरून जातो. सायकलवाल्याच्या पायाला हा घाट फसवतो, कारण चढ सलग नाही. मेहनतीने मिळवलेली उंची मधल्या उतारांवर घालवावी लागते आणि पुन्हा कमवावी लागते. पायी वाटेचा स्वभाव रस्त्यात तसाच उतरला आहे, कारण ओढे आणि सोंडा काही बदलल्या नाहीत.

माफातकडेही गरम झरे होते आणि स्नानगृहंही उभी राहिली होती. १९१३ मध्ये दरड कोसळून ती गाडली गेली. त्यानंतर तिथे पैसा घालणारं कोणी उरलं नाही. जमीन सरकारी वनखात्याच्या ताब्यात, रहिवासी तिथे भाडेपट्ट्याने. नदीची घळ अरुंद आणि दर पावसाळ्यात बदलणारी. माफात बिनरस्त्याचं राहिलं यामागे निसर्गप्रेम नव्हतं, हे डोंगर चालणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. आज आपल्याला तिथली शांतता हवीहवीशी वाटते. तिथल्या गरोदर बाईला आणि म्हाताऱ्याला त्या शांततेची किंमत रोज मोजावी लागत आली आहे. या वस्त्यांची टपाल पोचवण्याची जबाबदारी १९५१ ते १९९१ अशी चाळीस वर्षं एका पोस्टमनने, इव्हरँ पोझे यांनी, पायी सांभाळली. पत्रं, पेन्शनचे पैसे, निरोप, सगळं त्यांच्या पाठीवर. बेटावर आज त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे.

सायकलचे दोन मोठे घाट वेगळ्या कारणांनी झाले. पूर्वेच्या सें-बनुआहून दक्षिणेच्या सें-पिएरला जोडणारा रस्ता दोन ज्वालामुखींच्या मधल्या पठारांवरून जातो आणि १,६०६ मीटरवरची बेलव्यू खिंड ओलांडतो. पूर्वेकडून निघालं की समुद्रसपाटीपासून सुमारे तीस किलोमीटरची चढण, बहुतेक वेळा धुक्यात. खिंड ओलांडली की एकदम कोरडं गवत आणि गाईगुरं. व्यापारी वाऱ्यांचा पाऊस पूर्वेला पडून जातो, त्यामुळे एकाच खिंडीच्या दोन बाजूंना दोन ऋतू भेटतात. पश्चिमेचा मायदोचा रस्ता तर खिंडीला जातच नाही, तो माफातच्या कड्यावर, सुमारे २,२०० मीटरवर जाऊन संपतो. या उतारांवर सुगंधी तेलासाठी जिरेनियमची शेती होती आणि जंगल तोडून, पानं भट्टीत उकळून तेल काढलं जाई. आता हाच उतार समुद्रापर्यंत माउंटन बाइकच्या शर्यतीसाठी ओळखला जातो. २०१० आणि २०११ मध्ये इथे लागलेल्या वणव्यांनी हजारो हेक्टर जंगल जळालं.

चालण्याचा छंद म्हणून खिंडींकडे पाहणं हे १९४६ नंतरचं. त्या वर्षी रियुनियन फ्रान्सचा जिल्हा झालं, हळूहळू पगार आले, सुट्ट्या आल्या आणि वनखात्याच्या पायवाटांवर हौशी माणसं दिसू लागली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणांच्या तीन लांब वाटा आखल्या गेल्या: पहिली पितों दे नेजभोवती, दुसरी बेटाच्या आरपार, तिसरी माफातमध्ये. १९८९ पासून जवळजवळ दर वर्षी बेट आडवं कापणारी पायी शर्यत होते. ती आता दीडशे किलोमीटरहून मोठी आहे, एकूण चढ दहा हजार मीटरच्या घरात जातो, आणि लोक तिला ‘वेड्यांचा कर्ण’ म्हणतात. सिलाओसहून निघालेले धावपटू अंधारात ताइबी चढतात तेव्हा खालून दिव्यांची रांग दिसते. एरवीही या चढावर एका वस्तीत रानवनस्पतींचा गरम काढा विकत मिळतो. चढणाऱ्यांसाठी वेगळा आणि उतरणाऱ्यांसाठी वेगळा.

२००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये शिखरं, सर्क आणि कडे जागतिक वारशात गेले. बेटाचा सुमारे ४० टक्के भाग त्यात आहे. या काळात झालेला एक बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. फुर्नेझ ज्वालामुखीच्या कड्यावर, २,३११ मीटरवर, जिथून खाली लाव्हाच्या मैदानात उतरतात त्या जागेला गव्हर्नर बेलकोंब यांचं नाव होतं. १७६८ मध्ये ते आणि अधिकारी क्रेमों तिथे आले होते. खाली उतरायची वाट शोधली ती त्यांच्याबरोबरच्या जाकोब नावाच्या गुलामाने. आता त्या जागेचं नाव बेलकोंब-जाकोब असं लिहिलं जातं.

इतकं सगळं असूनही खिंडींवर शेवटचा हुकूम पावसाचाच चालतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. रियुनियनच्या फोक-फोक या डोंगरी जागेवर जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला आणि तो जागतिक विक्रम आहे. १९८० च्या यासेंत चक्रीवादळात कोमरसों विवराजवळ १५ दिवसांत सहा हजार मिलिमीटरहून अधिक नोंद झाली. सालाझीत १८७५ मध्ये डोंगराचा भलामोठा तुकडा निसटून साठाच्या आसपास माणसं गेली. फेब्रुवारी २०२५ च्या गारान्स वादळानेही पायवाटांचं मोठं नुकसान केलं. सिलाओसचा घाट दरडींमुळे अधूनमधून बंद पडतो, तेव्हा बाराशे मीटरवरचं ते गाव पुन्हा काही दिवस रस्त्याविना राहतं. म्हणून जाणाऱ्यांनी मे ते नोव्हेंबरचा कोरडा हंगाम धरावा, आणि निघायच्या आदल्या दिवशी वनखातं जाहीर करतं ती बंद वाटांची यादी पाहूनच खिंड ठरवावी.