साइडस्टेप आणि स्वर्व्ह: बगल देणे आणि वळसा घालणे

रग्बीत चेंडू घेऊन धावणारा खेळाडू बचावपटूच्या हाती न लागता त्याच्या शेजारून निघून गेला, की पाहणारे बहुतेक जण त्याला सरसकट ‘साइडस्टेप’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्या निसटण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि मराठीत दोहोंसाठी शब्द आधीपासून तयार आहेत: साइडस्टेप म्हणजे बगल देणे आणि स्वर्व्ह म्हणजे वळसा घालणे. मी हौशी खेळाडू आहे. साइडस्टेप शिकण्याचा ध्यास लागला त्यालाही आता बराच काळ लोटला, पण त्यातला मोठा काळ मी साइडस्टेप समजून जे घोटत होतो, ते खरे तर अर्धवट स्वर्व्ह होते. दोहोंतला फरक नीट कळल्याशिवाय दोन्हीही येत नाहीत, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

तो फरक मला पहिल्यांदा दिसला तो दवाने भिजलेल्या गवतावर. सकाळी सरावासाठी एक शंकू ठेवून मी त्याच्या दिशेने धावलो, बगल दिली आणि मागे वळून स्वतःच्याच पावलांचे ठसे पाहिले. ते एका गुळगुळीत कमानीत उमटले होते आणि सगळ्यांची खोली सारखीच होती. खऱ्या साइडस्टेपमध्ये तसे होत नाही. सरळ चाललेल्या ठशांच्या रांगेतून एकच ठसा हातभर बाहेर पडलेला दिसतो, तो गवतात खोल रुतलेला असतो, स्टडमुळे (बुटाच्या तळाच्या खुंट्यांमुळे) थोडी माती उकरलेली असते आणि त्यानंतरचा ठसा एकदम विरुद्ध बाजूला सापडतो. स्वर्व्हची खूण कमान, तर साइडस्टेपची खूण कोन. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर मी सरावाची जागाच बदलली, आणि आता जमीन ओली असेल तेव्हाच बगलेचा सराव करतो.

साइडस्टेपचा सगळा जीव त्या एका पावलात असतो. डावीकडे जायचे असेल तर उजवा पाय शरीराच्या रेषेबाहेर रोवायचा, गुडघा वाकलेला, कंबर खाली, वजन चवड्यावर. आणि मग त्याच पायाने जमीन ढकलून अंग डावीकडे फेकायचे. हे वाचायला सोपे असले तरी त्या पावलावर किती भार येतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला ५ मीटर वेगाने धावणाऱ्या माणसाला वेग कायम ठेवून ४५ अंशांत वळायचे असेल आणि पाऊल सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच वेळ जमिनीला टेकणार असेल, तर त्या एका पावलाला आडव्या दिशेने शरीराच्या वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. वेग ८ मीटर असेल तर हा जोर तिपटीवर जातो. म्हणूनच पूर्ण वेगात असलेला खेळाडू तीव्र कोनात बगल देत नाही. त्याआधीची दोन-तीन पावले तो आखूड टाकतो, वेग थोडा कमी करतो आणि मगच पाय रोवतो. विशेषतः रोवण्याच्या आधीचे पाऊल ब्रेकचे काम करते, आणि शिकणाऱ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष याच पावलाकडे होते. वेग ही साइडस्टेपसाठी मोजलेली किंमत आहे. ती ज्याला मोजायची नाही, त्याच्या पावलांची आपोआप कमान होते.

स्वर्व्हमध्ये याच्या उलट सगळी धडपड वेग राखण्यासाठी असते. येथे दिशा एका पावलात बदलत नाही, ती पाच-सहा पावलांत वाटली जाते. धावणारा आधी थोडा आत, म्हणजे थेट बचावपटूच्या अंगावर जाणाऱ्या रेषेत धावतो, त्याला जागीच थांबायला किंवा आत सरकायला लावतो आणि मग शरीर वळणाच्या आतल्या बाजूला कलवून बाहेरून कमान काढतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने १५ मीटर त्रिज्येच्या कमानीत धावायचे तर शरीर उभ्या रेषेपासून सुमारे २३ अंश कलावे लागते. एवढा कल प्रत्येक पावलाला थोडा थोडा पेलायचा असतो, म्हणून कुठल्याही एका पायावर अचानक भार येत नाही. चेंडू बचावपटूपासून दूरच्या हातात राहतो आणि जवळचा हात त्याला लोटण्यासाठी मोकळा ठेवता येतो.

माझ्या मते या दोन्हींतला खरा फरक बचावपटूच्या जागी उभे राहिल्यावर कळतो. टॅकल करणाऱ्याला, म्हणजे धावणाऱ्याला धरून पाडणाऱ्याला, नजर धावणाऱ्याच्या कमरेवर ठेवायला शिकवतात, कारण खांदे, डोके आणि हात फसवू शकतात, पण कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. साइडस्टेपमध्ये धावणारा त्याला वजन एका पायावर टाकायला भाग पाडतो आणि नेमक्या त्याच क्षणी कंबर दुसरीकडे नेतो. बचावपटूला कळते, पण उशिरा कळते. स्वर्व्हमध्ये लपवण्यासारखे फारसे काही उरत नाही. कमान सुरू झाली की बचावपटूला ती डोळ्यांसमोर दिसत असते, तरीही त्याला पोहोचता येत नाही, कारण त्याला जागेवरून निघून वेग गाठायचा असतो आणि धावणारा तो वेग घेऊनच आलेला असतो. थोडक्यात, एकात समोरच्याचा वेळ चुकवायचा असतो, दुसऱ्यात त्याचे अंतर.

म्हणून दोन्हींची सुरुवात किती अंतरावरून करायची, हेही वेगळे ठरते. धावणारा सेकंदाला ७ मीटर आणि समोरून येणारा ४ मीटर वेगात असेल, तर दोघांतले अंतर सेकंदाला ११ मीटरने घटते. दिसलेल्या हालचालीला प्रतिसाद द्यायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात २ मीटरहून जास्त अंतर संपलेले असते. साइडस्टेपचा पाय साधारण याच टप्प्यात, दोन-तीन मीटरांवर पडायला हवा. पाच मीटरांवर पाय रोवला तर बचावपटूला सावरायला वेळ मिळतो; एका मीटरवर रोवला तर त्याचा हात आधीच कमरेला लागलेला असतो. स्वर्व्हला मात्र आठ-दहा मीटरांवरूनच सुरुवात करावी लागते, शिवाय बाहेरच्या बाजूला जागाही लागते. रग्बीचे मैदान रुंदीला जास्तीत जास्त ७० मीटर असते. पंधरा-पंधरांच्या सामन्यात ते दाटीवाटीने भरलेले असते, तर सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सातांच्या रग्बीत, तेवढ्याच मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून चौदाच खेळाडू असतात. वळसा घालण्याच्या संधी सेव्हन्समध्ये इतक्या का दिसतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

दोन्ही प्रकार ठळकपणे पाहायचे असतील तर इतिहासात उत्तम उदाहरणे आहेत. २७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर बार्बेरियन्स हा निमंत्रित खेळाडूंचा संघ आणि न्यूझीलंड यांच्यातल्या सामन्यात वेल्सचे फिल बेनेट यांनी स्वतःच्या गोलपोस्टजवळ चेंडू उचलला आणि अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूंना एकामागून एक बगल दिली. त्या चालीचा शेवट गॅरेथ एडवर्ड्स यांच्या ट्रायने, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांनी, झाला. बेनेट त्या क्षणी वेगात नव्हतेच, ते नुकतेच वळले होते. मला ही चाल पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती यासाठीच, की साइडस्टेपला धावण्याच्या वेगापेक्षा पाय रोवण्याची वेळ साधावी लागते, हे तीत स्वच्छ दिसते. याच्या दुसऱ्या टोकाला ४ जानेवारी १९३६ रोजी ट्विकनहॅमवर अलेक्झांडर ओबोलेन्स्की यांनी इंग्लंडकडून न्यूझीलंडविरुद्ध केलेला पहिला ट्राय आहे: वेगाच्या बळावर फुलबॅकला, म्हणजे सर्वांत मागे उभ्या बचावपटूला, बाहेरून मागे टाकत ते निघून गेले. तो सामना इंग्लंडने १३–० असा जिंकला.

काही वेळा दोन्हींची सरमिसळही होते. २००१ मध्ये ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत लायन्सच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाच्या, जेसन रॉबिन्सन यांनी ऑस्ट्रेलियाचे क्रिस लॅथम यांना आत जाण्याची हुलकावणी दिली आणि टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) लागून उरलेल्या अरुंद पट्ट्यातून ते बाहेरून निघून गेले. पावलांनी आधी फसवले, मग वेगाने मागे टाकले. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे चेस्लिन कोल्बे यांनी इंग्लंडचे ओवेन फॅरेल यांना चुकवले ती मात्र शुद्ध बगल होती, टचलाइनकडून आत घेतलेली. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड कॅम्पेसी ज्यासाठी ओळखले जात, त्या गूस स्टेपलाही कोणी कोणी साइडस्टेप म्हणते, पण तो प्रकारच वेगळा: त्यात दिशा तीच राहते, पावलांचा ताल बदलतो आणि बचावपटूचा वेगाचा अंदाज चुकतो.

शिकणाऱ्याने एका बाबतीत फार जपले पाहिजे. कोणाचाही धक्का न लागता गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याच्या घटना अनेकदा बगल देतानाच घडतात, विशेषतः पाय जवळजवळ सरळ ठेवून रोवला, गुडघा आत झुकला आणि धड रोवलेल्या पायाच्या बाजूलाच कलले, तर. म्हणून आधी चालत, मग दुडक्या चालीने आणि त्यानंतरच धावत सराव करावा, आणि कोनही हळूहळू वाढवावा. स्वर्व्हमध्ये हा धोका पुष्कळ कमी असतो, पण मांडीच्या आतल्या आणि मागच्या स्नायूंवर ताण येतो. अंग नीट तापवल्याशिवाय पूर्ण वेगात कमानी काढू नयेत.

माझ्या पायांचा हिशेब अजून अर्धाच जुळला आहे. उजवा पाय रोवून डावीकडे जाताना ठसा आता रेषेबाहेर, खोल आणि एकटा पडतो. डावा पाय रोवून उजवीकडे जाताना मात्र पावलांची अजूनही कमान होते, कारण डावा गुडघा पुरेसा वाकत नाही आणि त्याआधीचे ब्रेकचे पाऊल लांब पडते. त्यामुळे सध्या गवत ओले असेतोवर, पहिले ठसे उन्हात पुसट होण्याआधी, मी फक्त डाव्या पायाचाच सराव करतो, आणि प्रत्येक फेरीनंतर मागे जाऊन तो एक ठसा शोधतो.