लहान मुलांसह जर्मनीला जाताय? सामान बांधायच्या आधी हे वाचा

सामान बांधून परदेशी पाठवणं हा आमचा धंदा. तरीही बजेट बेताचं असेल तर आमचा पहिला सल्ला हाच, की होईल तितकं कमी पाठवा. पुण्याहून जर्मनीला निघालेल्या कुटुंबाची पैशांची खरी ओढाताण तिथल्या पहिल्या तीन महिन्यांत होते. इथे वाचवलेला रुपया तिथे लागतो.

सगळ्यात मोठा खड्डा घरभाड्याचा. जाहिरातीत दिसतं ते ‘काल्टमीट’, म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. हीटिंग, पाणी, जिन्याची साफसफाई धरून होतं ते ‘वार्ममीट’. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. अनामत काल्टमीटच्या तिपटीपर्यंत मागता येते, पण ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने भाडेकरूला दिलाय. घरमालक हे आपणहून सांगेलच असं नाही, तुम्हीच विषय काढा. आणि जाहिरातीत ‘किचन नाही’ असेल तर ते अक्षरशः खरं असतं: ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. कडेवर मूल घेऊन अशा घरात उतरू नका. भाडं जरा जास्त पडलं तरी पहिलं घर किचनसकट घ्या.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो न देणारा स्वस्त तात्पुरता फ्लॅट शेवटी महागात पडतो, कारण मुलांचा भत्ता असो की बालवाडी, गाडी याच नोंदणीपाशी अडते. भत्ता म्हणजे ‘किंडरगेल्ड’. 2025 मध्ये तो दर मुलामागे महिना 255 युरो होता. अर्जाला उशीर केलात तर मागचे फक्त सहा महिने मिळतात. सरकारी आरोग्य विम्यात मुलं आणि कमाई नसलेला जोडीदार जादा हप्ता न भरता येतात, ही मोठीच सोय. बालवाडीत, म्हणजे ‘किटा’त, जागा मिळणं हा वर्ष पूर्ण झालेल्या मुलाचा हक्क आहे खरा, पण प्रत्यक्ष जागा मिळेपर्यंत महिने जातात. तेव्हा दोन पगारांचा हिशेब सुरुवातीला मांडूच नका.

इथून निघण्याआधी बाळाचा जन्मदाखला नीट बघा. नावाचा रकाना कोराच राहिलेले दाखले आम्ही नेहमी बघतो. नाव नंतर घालून मिळतं, पण वेळ लागतो. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर तेही आत्ताच निस्तरा. लसीकरणाचं कार्ड तर हातातल्या बॅगेतच ठेवा. मार्च 2020 पासून तिथे किटा आणि शाळेसाठी गोवरची लस सक्तीची आहे: वर्ष पूर्ण झालेल्याला एक डोस, दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन. पेनाने लिहिलेल्या तारखा पुसट झाल्या असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून सही-शिक्का घ्या.

मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत उडालात तर मांडीवरच्या बाळाचं तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत होतं. वाढदिवस जवळ असेल तर तारीख त्या हिशेबाने धरा.

आता सामान. कायमचं राहायला जाणाऱ्याला वापरातल्या घरगुती वस्तूंवर कस्टम ड्यूटी लागत नाही, मात्र त्या किमान सहा महिने तुमच्याकडे असायला हव्यात. म्हणून निरोपाच्या भेटी म्हणून आलेले नवेकोरे डिनर सेट इथेच राहू द्या. मिक्सर चालतो, व्होल्टेज तेच आहे; फक्त अ‍ॅडॉप्टर लागतो. गाडीतली बेबी सीट मात्र युरोपियन मान्यतेचा शिक्का नसेल तर तिथे चालत नाही. पाळणा, खेळणी, थंडीचे कपडे तिथे जुन्या वस्तूंच्या बाजारात स्वस्त मिळतात. मुलं सहा महिन्यांत कपड्यांबाहेर जातात, त्यामुळे माल फारसा वापरलेलाही नसतो. आमच्या मते जागा द्यावी ती कुकरला, पोळपाट-लाटण्याला आणि मराठी गोष्टींच्या पुस्तकांना. ही तिथे सहज मिळत नाहीत.

खाऊचं बघून. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे विमानतळावरच काढून घेतात. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सवलत आहे: कंपनीचं बंद पाकीट, माणशी दोन किलोपर्यंत. कढीपत्ता आणि आंब्यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, म्हणजे विसराच. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला खुशाल न्या.

समुद्रमार्गे पाठवायचंच असेल तर भाव घनमीटरवर ठरतो. आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून, कोटेशनमध्ये तिथल्या बंदराचे आकार आणि मजल्यापर्यंतची पोच धरली आहे का, हे लेखी विचारा. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा नेमकं हेच वगळलेलं असतं.

घरी येऊन सामान बघायचे आम्ही पैसे घेत नाही. बोलवाल तेव्हा न्यायच्या वस्तू एका खोलीत काढून ठेवा, आणि आजी घरी असतील अशी वेळ बघा. कुठला डबा जाणार हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.