सेराडो : ज्याला कुणी जंगल म्हटलेच नाही

दोन मोठे ट्रॅक्टर, मध्ये बरेच अंतर आणि दोघांना जोडणारी जाडजूड लोखंडी साखळी. जहाजाच्या नांगराला असते तशी. ट्रॅक्टर बरोबरीने चालू लागले की साखळी जमिनीवरून फरफटत जाते आणि वाटेतले प्रत्येक झाड मुळासकट आडवे होते. ब्राझीलमध्ये या प्रकाराला 'कोरेंताओ' म्हणतात. सेराडो नावाच्या विस्तीर्ण उष्णकटिबंधीय सॅव्हानाचा फार मोठा भाग असाच साफ झाला आहे. हे काम इतक्या निर्धास्तपणे का होऊ शकले, याचे उत्तर गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत शोधावे लागते.

मध्य ब्राझीलमध्ये सुमारे २० लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा प्रदेश. पाच-सहा महिने पाऊस, उरलेले महिने कोरडे. गवत, वेडीवाकडी खुजी झाडे, जाड बुचासारखी साल. पाहणाऱ्याला वाटते, जंगल तोडून उरलेले हे रान. समज जुना आहे आणि साफ चुकीचा. १८६० च्या दशकात डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ यूजेन वॉर्मिंग यांनी मिनास जेराइस राज्यातल्या लागोआ सांता इथे राहून या वनस्पतींचा अभ्यास केला, तेव्हा जमिनीखाली वेगळेच जग असल्याचे त्यांना दिसले : वर वीतभर रोप आणि खाली लाकडासारखे कठीण, जाड खोड. वणवा गेला, की त्यातूनच पुन्हा कोंब फुटतात. कित्येक झाडांची मुळे खोल, कायम ओल असलेल्या थरापर्यंत जातात. म्हणून तिथे याला 'उलटे जंगल' म्हणतात. याहून नेमके नाव मला सुचत नाही. इथे वनस्पतींच्या १२ हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या हजारो जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेराडो वाचला तो त्याच्या मातीमुळे. लाल, आम्लधर्मी, ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त. पीक उभे राहत नसे. गुरे चारणे आणि नदीकाठची थोडी शेती, एवढाच वापर. १९६० मध्ये ब्राझिलिया ही नवी राजधानी याच पठारावर वसली आणि तिच्यामागून रस्ते आले. खरा घाव पडला तो १९७० च्या दशकात. लष्करी राजवटीने १९७३ मध्ये एम्ब्रापा ही कृषी संशोधन संस्था उभारली. हेक्टरी काही टन चुना घालून आम्लता मारायची, वर स्फुरद द्यायचे आणि थंड प्रदेशातले सोयाबीन विषुववृत्ताजवळ पिकेल असे वाण काढायचे, हे तंत्र तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवले. त्याच वर्षी अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ रोखल्याने जपानचे धाबे दणाणले होते. त्याला दुसरा पुरवठादार हवा होता. १९७९ पासून जपानी पैशावर सेराडोत शेती उभारण्याचा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. शास्त्रज्ञांचे कर्तृत्व मोठे होते, यात शंका नाही. पण ती जमीन 'रिकामी' आहे, हे गृहीतच कुणी तपासले नाही.

पुढे कायद्यानेही तेच गृहीत धरले. १९८८ च्या राज्यघटनेने ॲमेझॉन, अटलांटिक जंगल आणि पांतानालचा पाणथळ प्रदेश यांना राष्ट्रीय वारसा म्हटले. सेराडोचे नाव गाळले. ते घालण्याचा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव १९९५ पासून संसदेत येत राहिला आहे. वन कायद्यानुसार ॲमेझॉनच्या जंगलात खासगी जमिनीचा ८० टक्के भाग राखावा लागतो. बहुतांश सेराडोत फक्त २०. म्हणजे उरलेले तोडायचे तर परवाना काढला की झाले. संरक्षित क्षेत्र जेमतेम ८ टक्के. २००६ मध्ये व्यापाऱ्यांनी ॲमेझॉन तोडून पिकवलेले सोयाबीन न घेण्याचे ठरवले, त्यातही सेराडो बाहेरच. २०१७ मध्ये ब्राझीलमधल्या संस्थांनी जाहीरनामा काढून इथली तोड थांबवण्याचे आवाहन केले, पण तसे बंधन आले नाही. आज मूळ वनस्पतींचे जवळपास अर्धे आच्छादन गेलेले आहे. २०२३ मध्ये वर्षभरात इथे ११ हजार चौरस किलोमीटरहून अधिक तोड नोंदली गेली, ॲमेझॉनमध्ये सुमारे ९ हजार. पुढच्या वर्षी आकडा खाली आला, ही दिलाशाची गोष्ट. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीतून आलेल्या मालाविरुद्ध नियम केला, पण 'जंगल'ची व्याख्या अशी, की सेराडोचा बराचसा भाग तिच्यात बसत नाही.

पाण्याचा हिशोब तर याहून जड आहे. साओ फ्रान्सिस्को, तोकांतिन्स, पाराना या नद्यांचे उगम इथले. पावसाचे पाणी खोल मुरते आणि कोरड्या महिन्यांत झऱ्यांतून बाहेर येते. बाहिया राज्याच्या पश्चिमेकडच्या कोरेंतिना गावाने हे पाणी आटताना पाहिले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या शेतांच्या पाणीउपशाविरुद्ध तिथे हजारो लोक रस्त्यावर उतरले.

याच भागात गवताळ पठारांवर पिढ्यान्‌पिढ्या सामायिकपणे गुरे चारणारे लोक राहतात. त्यांना 'जेराइझेरो' म्हणतात. आधी त्यांच्या हातून वरची सपाट जमीन गेली, कारण ट्रॅक्टर तिथेच चालतो. ती साफ केलेल्यांना कायद्याने काही टक्के रान राखलेले दाखवावे लागते. मग कागदावर दाखवली जाते ती खालची दरी, जिथे ही कुटुंबे राहतात आणि जिथले रान त्यांनीच आजवर राखले.