जुनं इयरबुक की जुना कॅटलॉग? कॉलेजचा इतिहास शोधताना होणारी गल्लत

अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजचं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक हल्ली इंटरनेटवर सहज सापडतं. मुखपृष्ठावर कॉलेजचं बोधचिन्ह आणि साल, आत विद्यार्थ्यांची नावं. पाहणारा त्याला इयरबुक, म्हणजे विद्यार्थ्यांनी काढलेलं वर्षभराच्या आठवणींचं पुस्तक, म्हणून मोकळा होतो. पुष्कळदा तो कॅटलॉग असतो. दोन्ही दरवर्षी निघत, दोन्हींत नावांच्या याद्या असत, पण काढणारे वेगळे आणि हेतूही वेगळा.

कॅटलॉग काढायची कॉलेजची कचेरी. आपण ज्याला प्रॉस्पेक्टस म्हणतो तेच, फक्त जास्त भरगच्च. विश्वस्तांची नावं, प्राध्यापकांच्या पदव्या, अभ्यासक्रम, सुट्ट्या, शिस्तीचे नियम आणि, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच ठिकाणी, शिकणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि गाव. वाचायला रुक्ष, पण माहितीची खाण. एकोणिसाव्या शतकातल्या कॅटलॉगमधलं प्रवेशाच्या अटींचं पान काढून बघा: लॅटिनमधले सीझरच्या गॉल युद्धाचे चार खंड, व्हर्जिलच्या ईनिडचे सहा, सिसेरोची अमुक इतकी भाषणं. ही तयारी झालेली असेल तरच आत या. त्याच्या पुढेच खर्चाचं पान: शिकवणी, खोली, जेवण, धुलाई, जळण, दिवाबत्ती, प्रत्येकाचा आकडा वेगळा. दहा वर्षांचे कॅटलॉग ओळीने लावले की ग्रीक भाषा सक्तीची कधी राहिली नाही, मुलींना प्रवेश कधी मिळाला, प्रयोगशाळा कधी आली, हे कुणालाही न विचारता कळतं.

इयरबुक मात्र विद्यार्थ्यांचं. येल विद्यापीठाचं ‘बॅनर’ १८४१ पासूनचं. त्याचे सुरुवातीचे अंक म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांच्या आणि मंडळांच्या याद्या, त्यामुळे तिथे गल्लत होणं साहजिक आहे. फोटो नंतर आले. १८६० च्या दशकात जॉर्ज वॉरनसारखे छायाचित्रकार कॉलेजातल्या मुलांचे फोटो काढत, मुलं एकमेकांच्या प्रती विकत घेऊन आल्बममध्ये लावत. हाफटोन छपाईने, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत छापायच्या रीतीने, मजकुराच्याच पानावर फोटो स्वस्तात छापता यायला लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इयरबुकला आपल्या ओळखीचं रूप आलं.

ओळखायची पहिली खूण म्हणजे नाव. कॅटलॉगला नाव नसतं. फार तर ‘बुलेटिन, खंड अमुक, अंक तमुक’. नियतकालिक म्हणून काढलं की टपालाचा दर कमी पडायचा, म्हणून हा बुलेटिनचा थाट. इयरबुकाला मात्र पोरांनी ठेवलेलं, बहुधा चावट नाव असतं. पर्ड्यू विद्यापीठाचं ‘डेब्री’, म्हणजे मोडतोड. नॉर्थ कॅरोलायनाचं ‘यॅकेटी यॅक’. नौदल अकादमीचं ‘लकी बॅग’, म्हणजे जहाजावर इकडेतिकडे पडलेल्या वस्तू गोळा करून ठेवायची जागा. कचेरीतल्या कारकुनाला अशी नावं सुचत नाहीत.

आतली भाषाही वेगळी. इयरबुकात फोटोखाली टोपणनाव, गाव, एखादी टिंगल आणि मग मंडळांची जंत्री: ‘ग्ली क्लब (१, २), वादविवाद (३)’. कंसातले आकडे म्हणजे कॉलेजचं कितवं वर्ष. हे लक्षात आलं की एका ओळीत माणसाची चार वर्षं उलगडतात: पहिली दोन वर्षं गाणारा पोरगा तिसऱ्या वर्षी वक्ता झाला. कॅटलॉगमध्ये त्याच मुलाची नोंद म्हणजे नाव, गाव आणि शाखेची खूण. बस्स.

खरी फसगत होते ती सालाची. अनेक कॉलेजांत इयरबुक काढायचं काम तिसऱ्या वर्षाच्या वर्गाकडे, म्हणजे ज्युनियरांकडे असे, आणि मुखपृष्ठावर ते आपल्या पदवीचं साल टाकत. म्हणजे ‘१८९८’ लिहिलेलं पुस्तक १८९७ च्या वसंतात छापलेलं आणि आतली हकिगत १८९६-९७ ची. हे ठाऊक नसलेला माणूस फुटबॉलचा सामना, नवी इमारत, अध्यक्षांचा राजीनामा, सगळं वर्षभर पुढे ढकलून मोकळा होतो. कॅटलॉगची खोड निराळी. ‘१८९९-१९००’ असं छापलेल्या पुस्तकात विद्यार्थ्यांची यादी त्याच वर्षाची, पण अभ्यासक्रम आणि शुल्क पुष्कळदा पुढच्या वर्षासाठी जाहीर केलेलं असतं. म्हणून साल मुखपृष्ठावरून घेऊ नये. आतल्या सामन्यांच्या तारखा, पदवीदानाचा दिवस, टपालाची नोंद पाहावी.

कॉलेजचं नाव हा असाच सापळा. ड्यूक विद्यापीठाचं ‘चँटिक्लिअर’ १९१२ साली सुरू झालं तेव्हा ड्यूक हे नावच नव्हतं. संस्था होती ट्रिनिटी कॉलेज, नाव बदललं १९२४ मध्ये. ऑबर्नच्या ‘ग्लोमेराटा’चा पहिला अंक १८९७ चा. तेव्हा ते अलाबामाचं कृषी आणि यांत्रिकी महाविद्यालय होतं, १८९९ पासून अलाबामा पॉलिटेक्निक आणि ऑबर्न विद्यापीठ थेट १९६० साली. इथे इयरबुकाची मदत अशी की त्याचं नाव सहसा टिकतं, संस्थेचं बदलतं. पण नाव कुठल्या ठरावाने बदललं, पदव्या कुठल्या वाढल्या, हे कॅटलॉगच सांगतो. त्यात संस्थेचा थोडक्यात इतिहासही असायचा आणि तो वर्षानुवर्षं जवळपास तसाच छापला जायचा. इयरबुकाच्या पहिल्या पानांवरचा ‘आपल्या कॉलेजचा इतिहास’ बहुतेक वेळा तिथूनच उचललेला वाटतो. तेव्हा दोन्हीकडे तीच गोष्ट सापडली म्हणून दोन पुरावे मिळाले, असं समजू नये.

मराठी वाचक अशा शोधाला लागतो तो बहुधा एखाद्या माणसाच्या निमित्ताने. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियात गेले ते पदव्युत्तर शिक्षणासाठी. इयरबुकांचा सगळा भर पदवीपूर्व विद्यार्थ्यांवर असे, म्हणून अशा विद्यार्थ्याचा माग आधी विद्यापीठाच्या कॅटलॉगात काढायचा. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांचं जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींबरोबरचं प्रसिद्ध छायाचित्र १८८५ चं, आणि ते इयरबुकाचं पान नाही, सुटं छायाचित्र आहे. वैद्यकीय कॉलेजांत कॅटलॉगचं काम करायची ती ‘वार्षिक अनाउन्समेंट’. हे कॉलेज १८५० साली फीमेल मेडिकल कॉलेज म्हणून निघालं, १८६७ मध्ये नाव बदललं, १९७० च्या सुमारास मुलांनाही प्रवेश मिळाला आणि पुढे विलीनीकरणं होत त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला. ग्रंथालयाच्या सूचीत जुनं नाव टाकल्याशिवाय काही हाती लागत नाही.

माझं विचाराल तर वाचायला इयरबुक, विश्वास ठेवायला कॅटलॉग. इयरबुकातला मजकूर कुणी तपासलेला असेलच असं नाही. व्हर्जिनियाचे तेव्हाचे राज्यपाल राल्फ नॉर्थम यांच्या १९८४ च्या मेडिकल स्कूल इयरबुकातलं पान २०१९ मध्ये बाहेर आलं: त्यांच्या पानावरच्या एका फोटोत कृष्णवर्णीयाचं सोंग म्हणून चेहरा काळा रंगवलेला एक माणूस आणि शेजारी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या वेशातला दुसरा. कॉलेजने चौकशी नेमली, तरी फोटोतली माणसं कोण हे खात्रीने ठरवता आलं नाही. कॅटलॉगच्या चुका वेगळ्या, त्या गप्प बसण्याच्या. कुणाला प्रवेश नाकारला, कोण मध्येच सोडून गेलं, कुठल्या मंडळात कुणाला घेत नसत, यातलं त्यात काही नसतं. कुठल्या समूहाचे चेहरे कधीपर्यंत दिसतच नाहीत, हे इयरबुकाचे फोटो मात्र न बोलता दाखवतात.

एखाद्या वर्षीचं इयरबुक मिळालंच नाही तर कॉलेज बंद होतं असा तर्क लगेच करू नये. महायुद्धांच्या काळात मुलं सैन्यात गेली, कागद मिळेना, आणि अनेक ठिकाणी इयरबुक निघालंच नाही किंवा दोन वर्षांचं मिळून एक निघालं. त्या वर्षांचे कॅटलॉग सहसा मिळतात. तेही नसतील तर विश्वस्तांच्या सभांची इतिवृत्तं आणि माजी विद्यार्थ्यांची छापील सूची मागावी. कॉलेजच्या अभिलेखागाराला ईमेल केली की बहुधा उत्तर येतं.