घरात कुणाची किडनी बिघडली असेल, तर आधी हे वाचा

वडील डायलिसिसवर असले की मुलं आमच्या लॅबमध्ये येऊन म्हणतात, “माझी पण ती एचएलए करून टाका.” सांगितलंत तर नमुना घेऊ, पण बहुतेकांना त्या तपासणीची गरज नसते आणि ती स्वस्तही नाही.

एचएलए ही सहाव्या गुणसूत्रावरची जनुकं. आपलं काय आणि परकं काय, हे प्रतिकारशक्ती त्यांच्याच आधारे ओळखते. म्हणून तर किडनी बसवण्याआधी दाता आणि रुग्ण यांची एचएलए जुळवून पाहतात. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

यातले काही प्रकार अंगात असले, की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच किडनीवर उलटण्याचा धोका वाढतो. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या किडनीच्या गाळणीच्या आजाराचं घ्या. किडनीच्या गाळणीत पीएलए२आर नावाचं प्रथिन असतं, बहुतेक रुग्णांत त्याच्याविरुद्धच शरीर अँटिबॉडी तयार करतं. हे २००९ साली कळलं. २०११ मध्ये या आजाराचा एचएलए-डीक्यूए१ या जनुकाशी संबंध दिसला. आयजीए नेफ्रोपथी (हाही गाळणीचाच आजार) आणि ल्युपस (यात प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते) यांतही एचएलएचा हात आहे. पण तेच प्रकार असलेली असंख्य माणसं ठणठणीत आहेत. रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे आजार झाला असं नाही, आणि ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. कारण किडन्या सर्वांत जास्त बिघडतात त्या मधुमेह आणि रक्तदाबामुळे.

त्यापेक्षा दोन साध्या तपासण्या करा: रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ (त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज काढतात), आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर. ईजीएफआर ६० च्या खाली किंवा गुणोत्तर ३० च्या वर, आणि तीन महिन्यांनीही तसंच राहिलं, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. एकाच रिपोर्टवरून घाबरू नका.

लघवी सकाळची पहिली हवी, सुरुवातीची धार सोडून. ताप किंवा पाळी असताना देऊ नका. रविवारी सिंहगड चढून आलात तर सोमवारी सकाळीही नको. दमछाक झाली की अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल, तर क्रिएटिनिनही थोडं जास्त दिसू शकतं.

एचएलए तपासणी किडनीतज्ज्ञांनी लिहून दिली असेल तर चिठ्ठी सोबत आणा. त्यासाठी उपाशी यायची गरज नाही.