टेस्ट तीच, रिपोर्ट तोच, तरी अर्थ वेगळा का?

परवा एका चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने मला विचारलं, "फॅमिली मेडिसिनचं वेगळं डिपार्टमेंट असतं? म्हणजे सर्दी-खोकल्यावर पण एमडी करतात का?" प्रश्नात खवचटपणा नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. मी पाच मिनिटं काहीतरी सांगितलं पण माझं मलाच समाधान झालं नाही, कारण खरं उत्तर पाच मिनिटांत बसत नाही, त्यात थोडं गणित आहे आणि ते गणित मला मनापासून आवडतं. म्हणून हा लेख.

सुरुवात एका जुन्या आकडेवारीपासून करू. १९६१ साली अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला, की एक हजार प्रौढ माणसं घेतली तर एका महिन्यात त्यांच्या तब्येतीचं काय काय होतं? उत्तर असं आलं की हजारातल्या ७५० जणांना महिन्याभरात काही ना काही दुखणं होतं, त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण हॉस्पिटलात ॲडमिट होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे रेफर केलं जातं, आणि मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलपर्यंत पोचतो एक. फक्त एक! २००१ मध्ये लॅरी ग्रीन आणि मंडळींनी हेच गणित नव्याने मांडलं, तेव्हा चाळीस वर्षांत औषधं मशीनं सगळं बदललेलं होतं तरी चित्र जवळपास तसंच. हजारात ८०० जणांना लक्षणं, २१७ जण डॉक्टरच्या दवाखान्यात, ८ हॉस्पिटलात, आणि टीचिंग हॉस्पिटलात ॲडमिट होणारा एकही धड नाही, एकापेक्षा कमी.

आता डॉक्टर घडतात कुठे? त्या एका माणसाच्या खाटेपाशी. उरलेले नऊशे नव्याण्णव शिकणाऱ्याला दिसतच नाहीत. मग तो शिकून बाहेर पडतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर बसतात ते हेच नऊशे नव्याण्णवांमधले. फॅमिली मेडिसिनचं डिपार्टमेंट हवं ते इथे.

एक प्रसंग सांगते. मी फॅमिली मेडिसिनच्या डिपार्टमेंटमध्येच शिकवते. आमच्याकडे एक रेसिडेंट, म्हणजे डिग्रीसाठी शिकणारा डॉक्टर, हृदयरोगाच्या वॉर्डातलं पोस्टिंग संपवून थेट ओपीडीला आला होता. हुशार मुलगा, वाचन चांगलं. आमच्यात पद्धत अशी असते की रेसिडेंट पेशंटला तपासतो, मग मागच्या खोलीत येऊन फॅकल्टीला केस सांगतो आणि मग दोघं मिळून ठरवतात. तो आला, हातात टेस्टचे फॉर्म भरून तयार. "मॅडम, ३१ वर्षांच्या बाई, पंधरा दिवस छातीत डावीकडे दुखतंय. ईसीजी आणि ट्रेडमिल लिहितोय."

मी विचारलं, "वॉर्डात छातीत दुखणारी शंभर माणसं पाहिलीस, त्यातल्या किती जणांना हार्टचं निघालं?"

"निम्म्याच्या वर असतील."

"आणि इथे, एकतीस वर्षांच्या, चालताना त्रास नसलेल्या, सिगरेट नाही शुगर नाही अशा शंभर बायका आल्या तर?"

तो थांबला. म्हणाला, "एखादी?"

बस्, त्या दोन आकड्यांमध्येच सगळं आहे, आणि हे नीट समजून घ्यायला आपण आकडेमोड करूच.

समजा एक टेस्ट आहे. आजार असलेल्या शंभरातल्या ९० जणांना ती बरोबर पकडते आणि आजार नसलेल्या शंभरातल्या ९० जणांना बरोबर सोडून देते. पहिल्या गुणाला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, दुसऱ्याला स्पेसिफिसिटी. आता ही टेस्ट वॉर्डात लावू, जिथे हजारातल्या ५०० जणांना खरंच आजार आहे. आजारी ५०० पैकी ४५० पॉझिटिव्ह, निरोगी ५०० पैकी ५० चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५०० पॉझिटिव्ह, त्यातले ४५० खरे. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर नव्वद टक्के खरा, वॉर्डातला डॉक्टर म्हणणारच की टेस्ट उत्तम आहे.

तीच टेस्ट, तेच मशीन, तोच टेक्निशियन, फक्त आता ओपीडीत लावू, जिथे हजारात १० जणांना आजार आहे. दहापैकी ९ पकडले. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जण, चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यात खरे किती? ९. म्हणजे आठ टक्क्यांच्या जरा वर. शंभर जणांना "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे" असं सांगितलं तर त्यातल्या जवळपास ब्याण्णव जणांना काहीच झालेलं नसतं. मशीन बिघडलेलं नाही. रांगेत उभी असलेली माणसं बदलली.

हे डॉक्टरांनाही सहज सुचत नाही बरं का. १९७८ साली हार्वर्डच्या हॉस्पिटलांमध्ये साठ जणांना, त्यात विद्यार्थी, रेसिडेंट आणि सीनियर डॉक्टर सगळे होते, असंच कोडं घातलं होतं. आजार हजारात एकाला, टेस्ट पाच टक्के निरोगी लोकांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? सगळ्यात जास्त लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. खरं उत्तर साधारण २ टक्के. साठातल्या अकराच जणांना जमलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. इथे थोडं हळू वाचा, जमलं तर कागद-पेन घ्या. टक्क्यांऐवजी ऑड्स, म्हणजे आजार असलेले किती आणि नसलेले किती, असं वापरलं की हे गणित तोंडी करता येतं. ओपीडीत शंभरात एकाला आजार, म्हणजे एकास नव्याण्णव. टेस्टचा जोर एका आकड्यात मांडता येतो, त्याला लाइकलिहूड रेशो म्हणतात: आजारी लोकांत पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण भागिले निरोगी लोकांत पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण. आपल्या टेस्टचा ९० भागिले १०, म्हणजे ९. आता फक्त गुणायचं. एकास नव्याण्णवचे झाले नवास नव्याण्णव, म्हणजे १०८ मध्ये ९. वर मोजून काढलं तेच आलं, बघा.

आणि गंमत अशी की हा आकडा फक्त मशीनला नसतो, प्रश्नालाही असतो. "जिना चढताना दुखतं आणि थांबल्यावर दुखणं बंद होतं का?" हा प्रश्न म्हणजे सुद्धा एक टेस्टच. समजा पेशंटला विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं अशी आली की प्रत्येकाचा रेशो ५ आहे आणि दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत. एकास नव्याण्णवला पाचाने गुणा, परत पाचाने गुणा, झाले पंचवीसास नव्याण्णव, म्हणजे साधारण वीस टक्के. आता या माणसाला तीच ९ रेशोवाली टेस्ट करा. दोनशे पंचवीसास नव्याण्णव, म्हणजे ६९ टक्के! मघाशी पॉझिटिव्ह रिपोर्टला आठ टक्के किंमत होती, आता एकोणसत्तर. फरक कशाने पडला? दोन प्रश्नांनी. उत्तर उलट आलं तर रेशो एकापेक्षा कमी असतो, गुणलं की शक्यता खाली जाते, आणि मग टेस्ट करायचीच गरज उरत नाही.

म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टला त्याची टेस्ट इतकी भरवशाची वाटते त्याचं एक कारण असं की त्याच्यापर्यंत माणूस पोचायच्या आधी कोणीतरी बसून प्रश्न विचारलेत, चाळण लावलीय. त्या चाळणीचं श्रेय कुठल्याच रिपोर्टवर छापलेलं नसतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

परत त्या बाईंकडे येऊ. ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, ती तर नव्वद-नव्वदवालीही नाही, बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज करून सेन्सिटिव्हिटी ६८ आणि स्पेसिफिसिटी ७७ टक्क्यांच्या आसपास येते. रेशो झाला साधारण ३. एकास नव्याण्णव गुणिले तीन, म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी शक्यता तीन टक्के. पण हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट असताना कोण स्वस्थ बसेल? पुढे अँजिओग्राफी, म्हणजे धमनीतून नळी, आणि निकाल येईपर्यंत घरातल्या कुणाच्या डोळ्याला डोळा नाही.

ईसीजी काढला, नॉर्मल होता. मी आत जाऊन छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला, बरगडी जिथे जोडली जाते तिथे, बोटाने दाबलं. "हां, हेच, हेच दुखणं!" मग विचारलं, पंधरा दिवसांपूर्वी घरात काही बदललं का? तर आई अंथरुणाला खिळलेली, मदतीला येणारी बाई यायची बंद झाली, तेव्हापासून आईला एकटीच उचलतेय. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून परत पलंगावर, दिवसातून सात-आठ वेळा. हे सांगताना त्या रडल्या. रेसिडेंट दारात उभा होता, त्याने हातातले फॉर्म हळूच खिशात घातले. पुढची वीस मिनिटं आम्ही हृदयाबद्दल बोललोच नाही, आईला उचलायची रीत, घरी नर्स पाठवता येते का, यावरच बोललो आणि दहा दिवसांनी परत या असं सांगितलं. चालताना दुखलं, दम लागला, घाम फुटला तर त्याच दिवशी या, हेही कागदावर लिहून दिलं. थांबून बघणं ही पण एक टेस्टच आहे, फक्त परत कधी यायचं आणि कशाला घाबरायचं हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर तो निष्काळजीपणा.

जाता जाता एक गोष्ट बोलायचीच आहे. "सगळ्या टेस्ट एकदा करून टाका, मनाला शांती" हा सल्ला हल्ली जिकडेतिकडे ऐकू येतो. वरचं गणित ज्याला कळलं त्याला यातला धोका लगेच दिसेल. दक्षिण कोरियात कॅन्सरच्या तपासण्यांबरोबर थायरॉइडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं, मात्र त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. सरसकट हेल्थ चेकअपवरचे प्रयोग एकत्र करून २०१९ मध्ये जो आढावा निघाला त्यात अडीच लाखांवर लोक होते, आणि मृत्यूंच्या प्रमाणात फरक जवळपास नाही. याचा अर्थ तपासण्याच नकोत असा अजिबात नाही, बीपी मोजणं किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी यांनी खरोखर जीव वाचतात, पण कोणाची, कोणत्या वयात, किती वर्षांनी हे ठरलेलं असतं. आणि मुठीत एक दांडी धरायला देऊन मिनिटभरात लिव्हर, किडनी, हाडं सगळ्यांचा रिपोर्ट छापणारं ते "क्वांटम" मशीन, त्याला तर सेन्सिटिव्हिटी विचारायचीही सोय नाही, ती शुद्ध बुवाबाजी आहे. असा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या घाबरलेल्या माणसाला समजावण्यात आमची अर्धी ओपीडी जाते.

बरं, हे सगळे आकडे येतात कुठून? ओपीडीच्या रजिस्टरमधून, घरभेटींमधून, वर्षानुवर्षं त्याच वस्तीत बसण्यातून. इंग्लंडमधल्या वेन्झ्लीडेल या खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचे साधे जनरल प्रॅक्टिशनर होते. १९२९ मध्ये तिथे काविळीची साथ आली तेव्हा कोण कोणाला कुठे भेटलं हे ते नावानिशी सांगू शकत होते, त्यामुळे लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण महिना जातो हे त्यांनी नोंदींवरून काढलं. लॅबोरेटरी नाही, काही नाही, माणसं ओळखीची होती एवढंच.

ओळखीचं मोल अलीकडे मोजलंही गेलंय. नॉर्वेत पंचेचाळीस लाखांच्या आसपास लोकांची माहिती तपासली, तर पंधरा वर्षांहून जास्त एकाच डॉक्टरकडे असलेल्यांमध्ये, पहिल्याच वर्षात असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे पंचवीस टक्के कमी दिसली, ॲडमिट व्हायचीही कमी. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, ओळखीमुळेच लोक जगले असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण मला कारण समजल्यासारखं वाटतं. ओळखीच्या डॉक्टरला पेशंट खोलीत शिरतानाच अर्धे रेशो माहीत असतात.

आणि इथेच आमच्या टीचिंग डिपार्टमेंटचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. आम्ही रेसिडेंटला शिकवतो की पेशंटशी नातं टिकव, आणि दोन-तीन वर्षांनी त्याची डिग्री झाली की तो जातो, पेशंट इथेच राहतो. दर वर्षी शेकडो केसपेपर एका हातातून दुसऱ्या हातात जातात. फॅकल्टीचीही ओढाताण असते, सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, मध्ये घरभेट, रात्री रिसर्च पेपर लिहायचा, आणि प्रमोशनला मोजतात तो पेपर. त्या बाईंशी बोललेली वीस मिनिटं कुठल्याच कॉलममध्ये बसत नाहीत.

तो रेसिडेंट या वर्षी बाहेर पडला. जायच्या आधी आपल्या प्रत्येक पेशंटबद्दल नव्या रेसिडेंटसाठी चार ओळी लिहायच्या असतात. त्या बाईंच्या केसपेपरवर त्याने लिहिलं होतं, "छातीत दुखतं म्हणाल्या तर आधी आई कशी आहे ते विचारणे." मी सही केली आणि खाली एक ओळ वाढवली, "चालताना दुखतं का, हे मात्र दर वेळी नव्याने विचारणे."